स्टिरिओचा जनक : ॲलन ब्लमलाइन

आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या रूमवर दोन स्पीकर असतातच. कुणाचे कॉम्प्युटरचे, कुणाचे म्युझिक सिस्टीमचे, तर कुणी रविवारच्या जुन्या बाजारातून आणून स्वतः कॅबिनेट बनवलेले. आता ते ठेवलेले कुठे असतात ते बघा. एक टेबलावर, दुसरा कपाटावर. किंवा दोन्ही खिडकीत एकमेकांना चिकटून. एक पलंगाखालीसुद्धा चालतो, कारण वायर तेवढीच पुरते! गाणं वाजतंय ना, मग झालं.

पण मग दोन स्पीकर हवेतच कशाला? एक मोठा का नको? या प्रश्नाचं उत्तर ज्या माणसाने १९३१ साली लिहून ठेवलं, त्याचं नाव ॲलन डॉवर ब्लमलाइन. एडिसन आणि मार्कोनी आपण शाळेपासून पाठ करतो. ब्लमलाइनचं नाव मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनाही फारसं माहीत नसतं, आणि त्यालाही एक कारण आहे. ते पुढे येईलच.

ॲलनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनमधल्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लमलाइन मूळचे जर्मनीचे, मायनिंग इंजिनिअर. आई जेसी ही स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. घरात पैशाची ददात नव्हती, पण पोराचं वाचनाशी काही जमत नव्हतं. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं असं सांगतात. यंत्रांचं मात्र लहानपणापासून वेड. सात वर्षांचा असताना त्याने घराच्या दारावरची बेल दुरुस्त केली आणि वडिलांना त्याचं रीतसर बिल दिलं, सही केली इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून, अशी गोष्ट त्याच्याबद्दल प्रसिद्ध आहे.

पुढे हायगेट स्कूल आणि तिथून १९२१ मध्ये स्कॉलरशिपवर लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात प्रवेश. दोन वर्षांत, म्हणजे १९२३ मध्ये, फर्स्ट क्लास डिग्री. तेव्हा त्याचं वय होतं वीस. थोडक्यात, आपण जेव्हा केटीच्या चिंतेत असतो त्या वयात हा पठ्ठ्या डिग्री घेऊन मोकळा झाला होता. वर्षभर कॉलेजातच डेमॉन्स्ट्रेटरचं काम केलं आणि १९२४ मध्ये इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाला.

क्रॉसटॉकशी झालेली भांडणं

त्याचं तिथलं काम होतं टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या केबलींचं. एका केबलमध्ये तारांच्या अनेक जोड्या शेजारीशेजारी जातात, आणि एका जोडीतलं बोलणं शेजारच्या जोडीत झिरपतं. यालाच क्रॉसटॉक म्हणतात. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या लँडलाइनवर भलत्याच दोन माणसांचा संवाद ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. हे झिरपणं मोजायचं आणि कमी करायचं हे ब्लमलाइनचं काम, आणि ते त्याने उत्तम केलं. सर्किटमधल्या मॅग्नेटिक आणि कपॅसिटिव्ह कपलिंगवर त्याची जी पकड बसली ती इथेच. हा क्रॉसटॉक लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. बॉस होते आयझॅक शोएनबर्ग. कंपनीची अडचण सरळ व्यवहाराची होती. इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंगचं पेटंट अमेरिकन कंपनीकडे होतं आणि प्रत्येक रेकॉर्डमागे रॉयल्टी द्यावी लागत होती. शोएनबर्गना असं मशीन हवं होतं की जे त्या पेटंटमध्ये बसणारच नाही. ब्लमलाइनने मूव्हिंग आयर्नऐवजी मूव्हिंग कॉइलवर चालणारा कटर बनवला. रॉयल्टी तर वाचलीच, शिवाय रेकॉर्डिंगही जास्त स्वच्छ झालं. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी म्हणजे एचएमव्ही एकत्र येऊन ईएमआय तयार झाली. लंडनच्या पश्चिमेला हेज या गावी तिची मोठी लॅबोरेटरी होती. ब्लमलाइनचं उरलेलं आयुष्य याच कंपनीत गेलं.

सिनेमा थिएटरमधली कटकट

त्याच वर्षीची ही गोष्ट. बोलपट नुकतेच आले होते. ब्लमलाइन आणि त्याची होणारी बायको डोरीन सिनेमा बघायला गेले. पडद्यावर नट डाव्या टोकाला उभा राहून बोलतोय, मग चालत उजवीकडे जातोय, पण आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येतोय. बाकीच्या पब्लिकला याचं काही वाटलं नाही. ब्लमलाइनला ते खुपलं. आवाज नटाच्या मागेमागे जायला हवा आणि ते कसं करायचं हे आपल्याला कळलंय, असं त्याने डोरीनला सांगितलं.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५, मंजूर झालं जून १९३३ मध्ये. त्यात तब्बल ७० क्लेम्स आहेत. दोन मायक्रोफोन कसे ठेवायचे, दोन चॅनल एकाच खोबणीत कसे कोरायचे, सिनेमाच्या फिल्मवर ते कसे उमटवायचे, दोन स्पीकरमधून ते परत कसे उभे करायचे, सगळं एकाच कागदपत्रात. स्टिरिओ हा शब्द त्याने वापरला नव्हता, तो त्याला बायनॉरल म्हणायचा, म्हणजे दोन कानांचं.

आता यातली खरी गंमत समजून घेऊ. आवाज कुठून आला हे आपल्याला कसं कळतं? लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये याचं उत्तर मांडलं होतं. आपल्या दोन कानांमध्ये साधारण १७-१८ सेंटिमीटर अंतर आहे. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानात आधी आणि उजव्या कानात किंचित उशिरा पोचतो. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. कमी फ्रीक्वेन्सीला मेंदू हा फेजमधला फरक वापरतो. जास्त फ्रीक्वेन्सीला डोक्याची सावली पडते, त्यामुळे दोन कानांतल्या आवाजाच्या तीव्रतेतला फरक कामाला येतो.

कुणालाही वाटेल की मग सोपं आहे. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानाला, उजव्याचा उजव्या कानाला. पण खोलीत असं होतच नाही! डावा स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतो आणि उजवाही दोन्ही कानांना. म्हणजे इथेही क्रॉसटॉक आलाच, तोच जो टेलिफोनमधून हाकलण्यात ब्लमलाइनची पाच वर्षं गेली होती.

दुसरा कुणी इथे वैतागला असता. ब्लमलाइनने गणित मांडलं आणि त्याला दिसलं की इथे हा क्रॉसटॉक शत्रू नसून मित्र आहे. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज द्या, फक्त डाव्याला थोडा मोठा. डाव्या कानात डाव्या स्पीकरची लहर आधी येते आणि उजव्याची किंचित उशिरा, तिथे दोघींची बेरीज होते. उजव्या कानात उलट क्रमाने येतात, तिथे वेगळी बेरीज होते. कमी फ्रीक्वेन्सीला या दोन बेरजांमध्ये बरोबर तसाच फेजचा फरक तयार होतो, जसा डावीकडे उभ्या असलेल्या खऱ्या माणसाच्या आवाजाने झाला असता. म्हणजे स्पीकरमधला नुसता तीव्रतेचा फरक कानाशी पोचेपर्यंत फेजचा फरक होतो. मेंदू फसतो आणि दोन खोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत त्याला गायक उभा दिसू लागतो.

याच विचारातून त्याने आठच्या आकड्यासारखं ऐकणारे दोन मायक्रोफोन एकाच जागी, एकमेकांशी ९० अंशांत ठेवायची पद्धत दिली. जगभरचे रेकॉर्डिस्ट तिला आजही ब्लमलाइन पेअर म्हणतात.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज् वेगळ्या वाटेने जात होती. एप्रिल १९३३ मध्ये हार्वे फ्लेचर यांच्या टीमने फिलाडेल्फियातला ऑर्केस्ट्रा टेलिफोन लाइनवरून वॉशिंग्टनच्या हॉलमध्ये ऐकवला, तीन मायक्रोफोन आणि तीन स्पीकर वापरून. मोठ्या हॉलसाठी ते योग्यच होतं. पण घरातल्या खोलीसाठी दोन स्पीकर पुरतात हे ब्लमलाइनच्या पेटंटमधून सिद्ध होत होतं.

१९३३ च्या डिसेंबरमध्ये हेजमध्ये पहिल्या चाचणी रेकॉर्ड्स कोरल्या गेल्या. त्यात संगीत वगैरे काही नाही. लॅबमधले लोक मायक्रोफोनसमोर इकडून तिकडे चालतायत आणि बोलतायत, बस्स. जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम मोझार्टच्या ४१ व्या सिम्फनीची तालीम घेत असताना तिचं स्टिरिओ रेकॉर्डिंग झालं. १९३५ मध्ये स्टिरिओ आवाजाच्या छोट्या फिल्म्स तयार झाल्या. त्यातल्या एकीत हेज स्टेशनवरून गाड्या जाताना दिसतात, आणि आवाजही गाडीबरोबर एका बाजूने दुसरीकडे जातो. सिनेमा थिएटरमधली ती कटकट चार वर्षांत सुटली होती.

आणि मग कंपनीने काम बंद केलं. जागतिक मंदीचा काळ, घरोघरी दोन-दोन स्पीकर कोण घेणार? त्यापेक्षा टेलिव्हिजनमध्ये पैसा दिसत होता. ब्लमलाइनलाही तिकडेच वळवण्यात आलं. २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून टेलिव्हिजन सेवा सुरू केली, त्यातली ४०५ रेषांची मार्कोनी-ईएमआय पद्धत ज्या टीमची होती तिच्यात ब्लमलाइन महत्त्वाचा माणूस होता. आपण ॲनालॉगच्या पेपरला डिफरन्शियल ॲम्प्लिफायरमध्ये जी लाँग टेल्ड पेअर काढतो, तीसुद्धा त्याच्या १९३६ च्या पेटंटमधली. एकूण १२८ पेटंट्स त्याच्या नावावर आहेत. नोकरीची वर्षं मोजली तर सरासरी दीड-दोन महिन्यांना एक!

ब्लमलाइनचा नियम आपल्या खोलीत

आता परत आपल्या रूमवर येऊ. ब्लमलाइनचं गणित एका अटीवर उभं आहे. दोन्ही स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर आणि सारख्या कोनात हवेत. ही अट मोडली तर बेरीज चुकते. किती चुकते? आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एक स्पीकर फक्त एक फूट जवळ असेल तर त्याचा आवाज जवळजवळ ०.९ मिलिसेकंद आधी पोचतो. आपल्या दोन कानांमधला सगळ्यात मोठा नैसर्गिक फरकच ०.७ आहे! म्हणजे एका फुटाच्या चुकीने सगळं चित्र जवळच्या स्पीकरमध्ये कोसळतं. दुसरा स्पीकर असून नसल्यासारखा.

समजा खोली १० फूट बाय १२ फूट आहे. स्पीकर १० फुटी भिंतीकडे ठेवावेत, म्हणजे आवाज खोलीच्या लांबीत जाईल. दोघांत सहा फूट अंतर, प्रत्येकाच्या बाजूच्या भिंतीपर्यंत दोन-दोन फूट. ऐकणाराही प्रत्येकापासून सहा फुटांवर, म्हणजे समभुज त्रिकोण. ट्वीटर कानाच्या उंचीला. मोजायला टेप नसेल तर सुतळी चालते.

मागची भिंत आणि कोपरा यांचं वेगळं राजकारण असतं. कमी फ्रीक्वेन्सीचा आवाज स्पीकरच्या मागेही जातो, भिंतीवरून परततो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. भिंत पाव तरंगलांबीवर असेल तर परत आलेली लहर उलटी पडते आणि तेवढा आवाज खाल्ला जातो. तीन फुटांच्या अंतराला हे ९४ हर्ट्झच्या आसपास होतं, दोन फुटांच्या अंतराला १४० च्या आसपास. म्हणून मागची आणि बाजूची अंतरं सारखी ठेवू नयेत, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच जागी पडतात. वरच्या खोलीत बाजूला दोन फूट असेल तर मागे तीन फूट ठेवून बघा. आणि स्पीकर कोपऱ्यात कोंबला तर बेस फुगतो, पण तो गुडगुड असा, शब्द गिळणारा.

स्वतःची खुर्चीसुद्धा महत्त्वाची. १२ फूट लांबीत ४७ हर्ट्झची लहर उभी राहते. भिंतीला डोकं टेकून बसलात तर ती सगळ्यात जोरात ऐकू येते, आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर जवळपास नाहीशी होते. मघाच्या मापांनी खुर्ची मागच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर येते. ना भिंतीला चिकटलेली, ना मध्यावर. बाजूच्या भिंतींसाठी मित्राला आरसा घेऊन भिंतीलगत चालायला सांगा. खुर्चीतून आरशात स्पीकर जिथे दिसेल तिथून पहिलं रिफ्लेक्शन येतं. तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांची मांडणी असली की झालं. दोन्ही बाजूंना सारखंच करायचं, कारण मेंदूला सिमेट्री लागते.

शेवटी परीक्षा. १९५० च्या दशकातलं लताबाईंचं एखादं गाणं लावा. त्या काळची फिल्मी रेकॉर्डिंग मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरना तंतोतंत तेच मिळतं. डोळे मिटले की आवाज बरोबर मधून, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून यायला हवा. एका बाजूला सरकत असेल तर अंतर मोजा. मध्ये उभाच राहत नसेल आणि बेसही गायब असेल, तर एका स्पीकरची प्लस-मायनस वायर उलटी लागलेली आहे!

एक नट

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्लमलाइन रडारच्या कामात ओढला गेला. १९४२ मध्ये एचटूएस नावाच्या यंत्रावर काम चालू होतं. विमानातून खाली १० सेंटिमीटरच्या लहरी सोडायच्या आणि अंधारात, ढगांतूनही जमिनीचा नकाशा पडद्यावर बघायचा. सगळं काम अत्यंत गुप्त. ब्लमलाइनला नुसती आकृती काढून देणं मान्य नव्हतं, आपण बनवलेलं यंत्र हवेत कसं चालतं हे त्याला स्वतः बघायचं असे. विमानाची भीती नव्हतीच, विमान चालवायचा परवाना त्याने आधीच मिळवलेला होता.

७ जून १९४२, रविवार. डेफर्डच्या धावपट्टीवरून व्ही ९९७७ क्रमांकाचं हॅलिफॅक्स विमान उडालं. आत अकरा जण होते. ब्लमलाइन, ईएमआयमधले त्याचे सहकारी सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायथेन, आणि बाकी रडार संशोधक व हवाई दलाची माणसं. उजव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली. ती विझली नाही. वेल्श बिकनर या गावाजवळ विमान कोसळलं आणि कुणीही वाचलं नाही. चौकशीत निघालं ते असं की इंजिनाच्या देखभालीच्या वेळी व्हॉल्व्हच्या टॅपेटचा एक नट नीट आवळला गेला नव्हता. तो सैल झाला, व्हॉल्व्ह तुटला आणि इंधन पेटलं.

वर्कशॉपमध्ये जॉब संपवताना शेवटचा नट आवळायचा कंटाळा येतो ना? इथे त्या एका नटाची किंमत अकरा माणसं होती.

ब्लमलाइन ३९ वर्षांचाही झाला नव्हता. मागे डोरीन आणि दोन लहान मुलं. यंत्र गुप्त म्हणून मृत्यूही गुप्त ठेवला गेला. शत्रूला कळायला नको म्हणून त्या वेळी त्याचं धड कौतुकही छापून आलं नाही. त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं त्याचं मोठं कारण हे. त्याचं एचटूएस मात्र जानेवारी १९४३ च्या अखेरीस प्रत्यक्ष मोहिमेवर गेलं.

आणि स्टिरिओ? ब्लमलाइनने पेटंटमध्ये एकाच खोबणीच्या दोन तिरक्या भिंतींवर, ४५-४५ अंशांत, दोन चॅनल कोरायची पद्धत सांगितली होती. अमेरिकेतल्या वेस्ट्रेक्स कंपनीने १९५७ मध्ये तीच पद्धत नव्याने उभी केली आणि १९५८ पासून स्टिरिओ रेकॉर्ड्स दुकानांत आल्या. त्याच्या मृत्यूला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. लंडनच्या ईलिंग भागातल्या त्याच्या घरावर १९७७ मध्ये निळी पाटी लागली. आयईईईने २०१५ मध्ये ॲबी रोडवर माइलस्टोनची पाटी लावली, आणि २०१७ मध्ये त्याला मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

आपण घरी बसून जे ऐकतो ते ब्लमलाइनला लोकांच्या घरी कधीच ऐकायला मिळालं नाही. त्याने काम अर्धं केलं असं नाही, पण त्याच्या शोधाचा शेवटचा भाग कुठल्याच कारखान्यात बनत नाही. तो प्रत्येक खोलीत, प्रत्येक ऐकणाऱ्याला स्वतः जुळवावा लागतो. कितीही महागडे स्पीकर आणले तरी ते मागेपुढे कसेही ठेवले की ते नुसते दोन आवाज करणारे डबे. नीट ठेवले की साध्या स्पीकरमध्येही गायक मधोमध येऊन उभा राहतो. खर्च शून्य, फक्त अर्धा तास आणि सुतळीचा एक तुकडा.

तेव्हा परीक्षा संपल्यावर एकदा कपाटावरचा तो स्पीकर खाली उतरवाच. मधल्या रिकाम्या जागेतून आवाज आला, की समजा ॲलन ब्लमलाइनला आपला सलाम पोचला.